वस्ताद काकांचा हात आणि हिसका बसलेली मान

सप्रेम नमस्कार मॅडम,

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. वय 41. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. चार आठवड्यांपूर्वी मित्राच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलो होतो. पिरनवाडीजवळ गाडी उभी असताना मागून टेम्पोने धडक दिली. कुठे खरचटलेसुद्धा नाही, पण मान मागे जाऊन पुढे फेकल्यासारखी झाली. त्या दिवशी काही वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मान लाकडासारखी ताठ. एक्स-रे काढला, हाड मोडलेले नाही असे सांगितले, गोळ्या आणि गळ्याचा पट्टा दिला. पट्टा मी अजून दिवसभर घालतो. गेल्या आठवड्यापासून कामावर जाऊ लागलो आहे. आमचे थोरले काका जुने पैलवान, गावच्या तालमीत वस्ताद आहेत. त्यांचे म्हणणे, शीर चढली आहे, तेल लावून चोळतो आणि एका हिसक्यात मान सोडवतो. बायकोचे म्हणणे, शहापूरच्या आयुर्वेदिक दवाखान्यात जाऊ. मित्र म्हणतो, मसाज गन मागव. मालिश करून घ्यावे का, कोणाकडून आणि किती दिवस? काकांना नाही म्हणणे मला जड जाते. रात्री उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, पण ते लेथच्या कामामुळे असेल.

— येळ्ळूरचा एक वाचक

सप्रेम नमस्कार.

आपण जी ओळ पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे, तिच्यापासूनच मी सुरुवात करते, कारण मालिश करावे की नाही याचे उत्तर त्या ओळीत अडकलेले आहे. रात्री उजव्या अंगठ्याला आणि तर्जनीला मुंग्या येतात असे आपण लिहिता आणि त्याचा दोष लेथला देता. तसे असूही शकेल. मनगटातून बोटांकडे जाणारी नस हाताच्या सततच्या कामाने दाबली जाते आणि तिच्या मुंग्या रात्रीच जास्त जाणवतात, हे खरे आहे. पण मानेच्या सात मणक्यांच्या आसपासून नसांच्या आठ जोड्या बाहेर पडतात आणि त्यांपैकी सहावी, म्हणजे पाचव्या व सहाव्या मणक्यांच्या मधून निघणारी, खांद्यावरून उतरत नेमकी अंगठ्यापर्यंत आणि तर्जनीपर्यंत पोहोचते. मागून धडक बसलेल्या माणसाला याच दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मणक्यांमधली गादी सरकून किंवा तिथली सूज त्या नसेवर टेकली आहे का, हे आधी पाहावे लागते. मुंग्या अपघाताच्या आधीपासून होत्या की नंतर सुरू झाल्या, हे आपण लिहिलेले नाही. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील, म्हणून नीट आठवून ठेवावे.

एक्स-रेबद्दल आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसला आहे की एक्स-रे चांगला आला म्हणजे आत काही झालेले नाही. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात. गादी, नस, स्नायू आणि मणक्यांना एकमेकांशी बांधून ठेवणारे चिवट बंध त्यात दिसत नाहीत. आपल्या एक्स-रेने हाड शाबूत आहे एवढे सांगितले, आणि ती बातमी चांगलीच आहे, परंतु मुंग्यांविषयी तो काहीच बोलत नाही. त्यामुळे मानेला कोणाचाही हात लागण्यापूर्वी, मग तो काकांचा असो, वैद्यांचा असो की माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टचा, आपण एकदा अस्थिरोगतज्ज्ञांकडे परत जावे. सिव्हिलमध्ये, म्हणजे बीम्सच्या जिल्हा रुग्णालयात जा, केएलईच्या रुग्णालयात जा किंवा ज्यांनी एक्स-रे काढला त्यांच्याकडेच जा. तपासणी दहा मिनिटांची असते: छोट्या हातोडीने कोपरापाशी ठोकून स्नायू उडतो का ते पाहतात, टाचणीने दोन्ही हातांची बोटे टोचून फरक विचारतात, कोपर वाकवण्याची आणि मनगट वर उचलण्याची ताकद आजमावतात. एमआरआय प्रत्येकाला लागतोच असे नाही. या तपासणीत काही आढळले तरच तो सांगितला जाईल.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण असते, ती सांगून ठेवते. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असते, डॉक्टर कन्नड बोलणारे असतात आणि घाईत मराठी माणूस 'मान दुखते' एवढेच सांगून गोळ्या घेऊन घरी येतो. उद्यमबागेत काम करता म्हणजे आपल्याला कामापुरते कन्नड येत असणारच, पण दुखण्याचे शब्द कामाच्या कन्नडात नसतात. मुंग्यांना किंवा बधिरपणाला कन्नडात 'जोमु' म्हणतात. तो एक शब्द उच्चारून दोन बोटे पुढे केलीत तरी डॉक्टर हातोडी हातात घेतील.

आणि भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जाण्याची लक्षणेही घरातल्या सर्वांना माहीत असू द्यावीत. हातातली पकड कमी होऊन वस्तू निसटू लागणे, चालताना तोल जाणे किंवा पाय जड पडणे, मान पुढे वाकवताच पाठीतून विजेचा झटका उतरल्यासारखे वाटणे, लघवी-संडासवरचा ताबा कमी होणे, एकाची दोन दिसणे, बोलणे अडखळणे, गिळताना त्रास होणे, तोंडाचा एक भाग बधिर पडणे, किंवा आजवर कधी झाली नव्हती अशी मानेतली अथवा डोक्यातली तीव्र वेदना अचानक उठणे. यांपैकी एक जरी दिसले तरी तेलाची वाटी बाजूला ठेवून गाडी काढावी.

आता काकांच्या निदानाकडे येते. 'शीर चढली' हे शब्द मी रोज ऐकते आणि मला ते खोटे वाटत नाहीत, फक्त अपुरे वाटतात. मराठीत आपण शीर म्हणतो तेव्हा तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. एक म्हणजे खांदा आणि मानेच्या मधोमध बोटाखाली लागणारी ताणलेली दोरी. ती खरे तर स्नायूची आखडलेली पट्टी असते. दुसरी म्हणजे हातात मुंग्या पाठवणारी नस. तिसरी म्हणजे रक्त वाहून नेणारी धमनी किंवा रक्तवाहिनी. वस्ताद मंडळींच्या अंगठ्याला जी शीर सापडते ती जवळजवळ नेहमी पहिली असते, आणि ती चोळल्याने सुटल्यासारखी वाटते हा त्यांचा अनुभव खरा आहे. पण त्याच मानेत, त्या दोरीपासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर, बाकीच्या दोन्ही शिरा आहेत आणि त्यांना चोळणे मानवत नाही.

शिवाय ती दोरी कशामुळे आखडली, हेही पाहायला हवे. आपल्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. गाडी मागून ढकलली गेली तेव्हा धड सीटबरोबर पुढे गेले आणि डोके क्षणभर मागेच राहिले, मग झटक्याने पुढे आले. त्या क्षणात मणक्यांमधले बंध आणि सांध्यांची आवरणे ताणली गेली, काही धागे तुटलेही असतील, आणि ते भरून येईपर्यंत शरीराने भोवतालचे स्नायू मुद्दाम आवळून धरले. मोडलेल्या फांदीला काठ्या बांधाव्यात तसा हा बंदोबस्त असतो. पहिल्या दिवशी काही न वाटता दुसऱ्या दिवशी मान ताठ होणे हे या दुखापतीत नेहमीचे आहे, कारण सूज चढायला काही तास लागतात. आता चार आठवड्यांनी त्या बंदोबस्ताची गरज कमी झाली आहे, पण स्नायूंची सवय सुटलेली नाही, आणि गळ्यातला पट्टा ती सवय टिकवून धरतो आहे.

तालमीतले मालिश आणि आपल्याला हवे असलेले मालिश यांत फरक पडतो तो इथे. काकांनी आयुष्यभर ज्या माना चोळल्या त्या दमलेल्या होत्या, दुखावलेल्या नव्हत्या. रोज जोर-बैठका मारणाऱ्या, आखाड्याच्या मातीत डोके टेकून मानेचा पूल करणाऱ्या पोरांचे स्नायू जाड असतात, त्यांचे बंध शाबूत असतात, आणि मेहनतीनंतर त्यांना दणकून चोळले तर पोरगा ताजातवाना होऊन उठतो. आपल्या मानेला तोच हात लागला तर शरीराला वाटेल की पुन्हा धडक बसली, आणि ते स्नायू आणखी आवळून घेईल. हे मी पुस्तकातले सांगत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वडगावच्या एका विणकर बाईंची मान मी अशीच मन लावून दाबली होती. त्या 'आणखी दाबा, बरे वाटते' म्हणत राहिल्या आणि मी दाबत राहिले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा हात डोक्यापर्यंत उचलत नव्हता आणि वेणी घालायला सुनेला बसवावे लागले होते. त्या मला काही बोलल्या नाहीत. मात्र तेव्हापासून 'आणखी दाबा' हे शब्द ऐकले की माझा हात हलका होतो.

हिसक्याविषयी मात्र मी कोणताही मधला मार्ग सुचवणार नाही. मानेला हिसका द्यायचा नाही: काकांनी नाही, दाढी झाल्यावर न्हाव्याने नाही आणि हाडवैद्याने नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या वरच्या सहा मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून ओवल्यासारख्या वर जातात आणि कवटीच्या खाली वळण घेऊन आत शिरतात. हनुवटी धरून डोके झटक्याने फिरवले की त्या वळणावर ताण पडतो आणि क्वचित धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते. तिथे गुठळी होते, ती मेंदूत जाते आणि धडधाकट माणसाला पक्षाघाताचा झटका येतो, कधी त्याच क्षणी, तर कधी काही तासांनी किंवा दिवसांनी, जेव्हा न्हाव्याचे दुकान कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. बळ्ळारी जिल्ह्यातल्या एका तरुणाला न्हाव्याने मान मोडल्यानंतर असाच झटका आल्याच्या बातम्या 2024 मध्ये आल्या होत्या. हे वारंवार घडत नाही, आणि म्हणूनच वस्ताद किंवा न्हावी छातीठोकपणे सांगू शकतात की आजवर कोणाला काही झाले नाही. पण ज्या मानेला नुकतीच धडक बसली आहे, त्या मानेत अशी चीर त्या धडकेनेच पडलेली असण्याचाही थोडा संभव असतो, आणि अशा मानेला हिसका देणे म्हणजे जुगार आहे. आणि तो 'कट' आवाज! मणका जागेवर बसल्याचा तो पुरावा मानला जातो, पण बोटे मोडताना येतो तसाच तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्याचा आवाज असतो. त्याने घटकाभर मोकळे वाटते. जागेवरून सरकलेले काही त्याने परत बसत नाही.

मग मालिशचा उपयोग काय, असे आपण विचाराल. उपयोग आहे, पण आपण समजता त्यापेक्षा लहान आहे. चांगल्या हाताने मान आणि खांदे सावकाश चोळले की वेदनेची धार काही तासांपुरती कमी होते, आवळलेले स्नायू ढिले पडतात, झोप बरी लागते. तुटलेले धागे मालिशने जुळत नाहीत. ते आपल्या आपण जुळतात, आणि त्यांना योग्य दिशेने जुळायला मानेची हालचाल लागते. म्हणून मालिश हे औषध नसून व्यायामाआधी जमीन भिजवण्यासारखे आहे. ज्या दिवशी मालिश झाले आणि त्यानंतर मान हलवली नाही, तो दिवस मी वाया गेला असे धरते. अमेरिकेत 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट मानदुखीच्या 228 लोकांना वेगवेगळ्या मात्रांत मालिश देऊन पाहिले होते. आठवड्यातून दोन-तीन वेळा तासभर, असे चार आठवडे मालिश घेतलेल्यांना चांगला फरक पडला, आणि अर्ध्या तासाच्या मालिशने फारसा पडला नाही. ते लोक ताज्या अपघाताचे नव्हते, त्यामुळे त्यांचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही, पण एकाच बैठकीत मान सुटेल ही अपेक्षा धरू नये, एवढे त्यातून नक्की घेता येते. अशी धडक बसलेले बरेच लोक पहिल्या तीन महिन्यांत चांगले सुधारतात. मात्र साधारण निम्म्यांना वर्षभरानंतरही थोडीफार मानदुखी उरते. हे मी आपल्याला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. सहाव्या आठवड्यात मान थोडी दुखली तर उपचार फसले असे समजून आपण न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसू नये, म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी तपासून मुंग्यांची भीती नाही असे सांगितले, की आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पदवीधर फिजिओथेरपिस्टकडून उपचार घ्यावेत. पहिल्या भेटीत त्यांनी मालिशच्या आधी मान किती वळते हे मोजले, हात तपासला आणि व्यायाम शिकवले, तर ते योग्य माणूस. नुसते यंत्र लावून पंधरा मिनिटांनी 'उद्या या' म्हणाले, तर दुसरे शोधावे. तीन-चार आठवड्यांत मानेचे वळणे वाढले नाही आणि झोप सुधारली नाही, तर त्याच उपचारावर पैसे घालत राहू नये. पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या पत्नींचे म्हणणेही मला अयोग्य वाटत नाही. आयुर्वेदात ताठलेल्या मानेला मन्यास्तंभ हे नाव आहे, वातविकारांत त्याची गणना आहे, आणि शहापूरला कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय असल्याने आपल्याला लांब जावे लागणार नाही. तिथे अभ्यंग आणि शेक देतात. ग्रीवाबस्तीत मानेच्या मागे उडदाच्या पिठाचे कडे करून त्यात कोमट तेल धरून ठेवतात. त्यात हिसका नसतो, ऊब असते, आणि त्या उबेने स्नायू सैल होतात. दोन अटी पाळाव्यात: एक्स-रे आणि डॉक्टरांचा कागद वैद्यांना आधी दाखवावा, आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम त्या काळात थांबवू नये. मसाज गन मागवू नका. मांडीच्या जाड स्नायूंवर ती चालून जाते. मानेवर, जिथे एका बोटाच्या जाडीत इतके काही दडलेले आहे, तिथे त्या ठोक्यांचे काम नाही.

आता काकांचे. त्यांना नाही म्हणू नका, त्यांना काम द्या. त्यांच्या हातात इतक्या वर्षांची जाण आहे, आणि आपली मान दुखण्यात बराच वाटा मानेखालच्या भागाचा, म्हणजे खांदे आणि खवाट्यांच्या मधल्या पाठीचा आहे. तिथे त्यांच्या हाताचा उपयोगच होईल. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर एक दिवसाआड, संध्याकाळी, असे करावे. टेबलासमोर खुर्चीवर बसून टेबलावर दोन उशा रचाव्यात आणि त्यांवर कपाळ टेकवावे, म्हणजे मान कोणत्याही बाजूला न वळता सैल पडते; हात उशांच्या दोन्ही बाजूंना सोडून द्यावेत. तीळतेल किंवा खोबरेल, जे घरात असेल ते, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावे आणि मनगटावर थेंब टाकून पाहावे. काकांनी सुरुवात पाठीपासून करावी: दोन्ही तळवे कण्याच्या दोन बाजूंना ठेवून खवाट्यांपर्यंत आणि तिथून खांद्याच्या टोकाकडे सावकाश नेत राहावेत, पाच-सात मिनिटे, अंगठा न लावता. कण्याच्या हाडावर दाब पडू नये. पाठ ऊब धरू लागली की खांद्यावरचा जाड स्नायू कणकेसारखा दोन्ही हातांनी उचलून सोडावा. त्यात ती दोरी बोटाला लागेल. तिच्यावर अंगठा ठेवून नुसता थांबवावा, रगडू नये, आणि ती हळूहळू मऊ होते का ते पाहावे. दाब किती, याचे माप आपल्या श्वासात आहे: श्वास रोखला गेला किंवा खांदा आपोआप वर उचलला गेला, की दाब जास्त झाला. मानेच्या मागच्या बाजूवर शेवटची दोन-तीन मिनिटे फक्त बोटांच्या टोकांनी, वरून खाली, लहान मुलाच्या डोक्याला तेल लावताना हात फिरवतो तितक्याच जोराने हात फिरवावा. सगळे मिळून पंधरा मिनिटे पुरेत.

दोन मर्यादा मात्र काकांशी आधीच ठरवून घ्याव्यात. कानाच्या पाळीपासून खांद्यापर्यंत एक उभी रेघ मनात ओढावी; तिच्या पुढे, गळ्याच्या बाजूला, हात न्यायचा नाही. घाटीच्या दोन्ही बाजूंना जिथे नाडी लागते, तिथे दाबले तर हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते. दुसरी मर्यादा, हनुवटीला आणि डोक्याला हात लावायचा नाही. हिसका द्यायचा तर या दोन्हींवर पकड लागते. पकड नसली की हिसका देता येत नाही, आणि तोंडाने नाही म्हणण्याचा प्रसंगही आपल्यावर येत नाही. दुसऱ्या दिवशी अंग ठणकल्यासारखे थोडे वाटले तर चालेल. पण दुखणे दिवसभरापेक्षा जास्त टिकले किंवा हातात उतरले, तर थांबावे आणि मुंग्यांच्या परिच्छेदाकडे परत यावे.

मालिशनंतरच्या अर्ध्या तासात, अंग उबदार असताना, मान हलवावी. ताठ बसून उजवीकडे जितकी सहज वळते तितकी वळवावी, क्षणभर थांबावे, मग डावीकडे, असे दहा वेळा. नंतर हनुवटी खाली न वाकवता सरळ मागे, गळ्याकडे ओढावी, जणू समोरून कोणी हनुवटीकडे अंगठा आणतो आहे, असे दहा वेळा. मग दोन्ही खवाटे पाठीत जवळ आणून सोडावेत. मान गोल गोल फिरवण्याचा शाळेतला कवायतीचा प्रकार करू नये. ही हालचाल फक्त मालिशच्या दिवशी नव्हे, तर रोज दर एक-दोन तासांनी थोडी थोडी करावी, आणि माझ्या मते आपल्याला बरे करण्यात मोठा वाटा तिचा असेल. हे व्यायामही डॉक्टरांच्या तपासणीनंतरच सुरू करायचे आहेत.

गळ्याचा पट्टा चार आठवडे दिवसभर घालणे मला पटत नाही. हाड मोडलेले नसेल तर हल्ली पट्टा मुळीच देत नाहीत किंवा काही दिवसांपुरता देतात, कारण पट्ट्याने स्नायू आळशी होतात आणि मान आणखी ताठते. तरीही मुंग्यांचा उलगडा होईपर्यंत तो एकदम काढून फेकू नका. डॉक्टरांनाच विचारा, आणि त्यांनी होकार दिला तर रोज तास-दोन तासांनी कमी करत आठवड्याभरात सोडवा.

कामावर लेथपाशी मान पुढे वाकवून उभे राहावे लागते, तेवढाही त्रास पुरतो. सुपरवायझरला सांगून पाहणी करावयाचे काम डोळ्यांच्या जवळ येईल अशी काहीतरी उंची करून घ्यावी, दर अर्ध्या तासाला सरळ होऊन मान दोन्ही बाजूंना वळवावी. सध्या येळ्ळूर ते उद्यमबाग दुचाकीवर खड्ड्यांतून जाण्यापेक्षा बसने किंवा कोणाच्या गाडीतून जाणे बरे. शेतातले भारे, गवताची पेंढी, पाण्याची घागर, काहीही डोक्यावर उचलायचे नाही. रात्री एकच पातळ उशी घ्यावी आणि पालथे झोपू नये. कुशीवर झोपलात तर उशी खांद्याच्या जाडीइतकी असावी, आणि उजवा हात उशीखाली घालून झोपू नये, कारण मुंग्या मनगटातल्या असतील तर त्या याच सवयीने वाढतात.

काकांना हे उत्तर वाचून दाखवायला माझी हरकत नाही. हिसक्याचा परिच्छेद ऐकून ते रागावतील कदाचित, पण आखाड्यात मानेवर पडून जायबंदी झालेला एखादा पैलवान त्यांनीही पाहिला असणार, आणि मानेची भीती त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. डॉक्टरांकडे जाताना जमल्यास त्यांनाच बरोबर न्यावे. हातोडीची तपासणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली, तर घरी समजावण्याचे काम उरणार नाही. आणि पुन्हा लिहाल तेव्हा मुंग्यांचे काय झाले ते पहिल्या ओळीत लिहा, मालिशचे नंतर.